यादी कोणाच्या नियमाने चालावी?

मनुष्याच्या नित्य व्यवहारात यादी ही इतकी अंगवळणी पडलेली वस्तू आहे की तिच्याविषयी स्वतंत्र विचार करावा असे सहसा कोणास वाटत नाही. वाण्याकडे पाठवावयाची यादी, लग्नाच्या आमंत्रणांची यादी, वर्गाचा हजेरीपट, परीक्षेचा गुणानुक्रम, क्रीडासंघाच्या निवडीची यादी, या साऱ्यांशी आपला संबंध बालपणापासून येतो. कागदावर एकाखाली एक नावे उतरली म्हणजे यादी झाली, अशी आपली समजूत असते. परंतु किंचित बारकाईने पाहिले, तर प्रत्येक यादीच्या मागे तीन निर्णय उभे असलेले दिसतात. आत प्रवेश कोणास द्यावयाचा, आत आलेल्यांनी कोणत्या क्रमाने बसावयाचे, आणि बाहेर पडावयाचे ते कोणी व केव्हा? हे तीन निर्णय ज्याने घेतले तोच यादीचा खरा कर्ता होय. नावे उतरवून घेणारा केवळ लेखनिक.

संगणकावरील खेळ रचण्याच्या विद्येत हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो. खेळ म्हटला की गडी आले, त्यांचे गुण आले, पाळ्या आल्या, जिंकलेल्या व हरवलेल्या वस्तू आल्या. आणि या सर्वांस संगणकाच्या स्मृतीत कोठेतरी ओळीने बसवावे लागते. ही ओळ कशी असावी, तीत काहीही चालावे की एकाच जातीचे घटक चालावेत, तिचे नियम भाषा रचणाऱ्याने घालून द्यावेत की खेळ रचणाऱ्याने, याविषयी मतभेद आहेत. आमच्या शाळेतील अनेक विद्यार्थी आज भ्रमणध्वनीवर खेळ खेळतात, आणि त्यांपैकी काहींच्या मनात आपणही एखादा खेळ रचावा अशी इच्छा उत्पन्न झालेली आहे. म्हणून या प्रश्नावर आमचे मत येथे मांडीत आहोत. खेळ रचावयास शिकणाऱ्याने प्रारंभापासूनच आपल्या यादीचा प्रकार स्वतः ठरवावा व तो उघडपणे लिहावा, असे आम्हांस वाटते; आणि हा प्रकार ठरविण्याचे शिक्षण आपल्या मैदानावरील खेळांतून व आपल्या भाषेतून मिळावे, असा आमचा आग्रह आहे.

‘प्रकार’ या शब्दाचा अर्थ समजून घेण्यासाठी रामाकोन्याच्या रहिवाशांस दूर जावयास नको. नागपूर–छिंदवाडा लोहमार्गावर, लोधीखेडा व सौंसर मागे टाकले की आपले स्थानक येते. या मार्गावर २०१५ सालच्या अखेरीपर्यंत अरुंद रुळांची छोटी गाडी धावत असे. तिच्या दोन रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट होते. पुढे मार्गाचे रूपांतर झाले, आणि आता तेथे १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट अंतराचे रूळ आहेत. आता असे पाहा की, आगगाडी ही एक यादीच आहे. पुढे इंजिन, त्यामागे क्रमाने डबे. एखादा डबा जोडता येतो, एखादा काढता येतो. परंतु अरुंद रुळांच्या गाडीस रुंद रुळांचा डबा कोणी जोडू म्हणेल, तर ते होणे नाही. तो डबा चांगला की वाईट, रिकामा की भरलेला, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही; त्याचे मापच निराळे. विशेष हे की ही अडचण जोडणी करतानाच, स्थानकाच्या आवारात, ध्यानात येते. गाडी सुटल्यावर वाटेतल्या एखाद्या पुलावर ती उघडकीस यावी, असा प्रसंग येत नाही. यादीचा प्रकार आधी ठरविण्याचा पहिला लाभ हाच आहे. चूक आरंभी व घरच्या घरी सापडते.

आता मैदानाकडे वळू. कबड्डी, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांचा हुतूतू, हा खेळ आज एका ठराविक स्वरूपात खेळला जात असला, तरी पूर्वी त्याचे तीन प्रमुख प्रकार प्रचलित होते: संजीवनी, गनिमी व अमर. गनिमीस काही ठिकाणी गामिनी असेही म्हणत. १९२१ साली महाराष्ट्रात या खेळाच्या नियमांची चौकट बांधली गेली, तेव्हा संजीवनी व गनिमी यांचा मेळ घालण्यात आला. या तीन प्रकारांत चढाई तीच, दम तोच, पकड तीच. भेद होता तो मुख्यत्वे एका गोष्टीत, आणि ती गोष्ट म्हणजे बाद झालेल्या गड्यांची यादी.

संजीवनीत प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक बाद गडी जिवंत होऊन मैदानात परत येतो. तो कोणता? जो सर्वांत आधी बाद झाला तो. आजच्या कबड्डीतही गडी ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने जिवंत होतात. म्हणजे ही यादी रांगेसारखी आहे; प्रवेश शेवटच्या टोकाने, निर्गम पहिल्या टोकाने. गनिमीत मात्र बाद झालेला गडी परत येतच नाही. सारा संघ बाद होईपर्यंत त्याने बाहेरच बसावयाचे. तेथे यादीत केवळ प्रवेश आहे. ती पूर्ण भरली की एकदम रिकामी होते व नवा डाव सुरू होतो. अमर प्रकारात तर बाद झालेला गडी मैदानातून जातच नाही; प्रतिपक्षास एक गुण मिळतो आणि खेळ पुढे चालू राहतो. तेथे बाद गड्यांची यादीच नको. एक साधा आकडा पुरतो.

पाहा, संगणकाचे नावही ज्यांनी ऐकले नव्हते, अशा आपल्या पूर्वजांनी एकाच खेळासाठी यादीचे तीन निरनिराळे नियम करून ठेवले होते, आणि प्रत्येक नियमाने खेळाची प्रकृतीच बदलत होती. संजीवनीत आशा शेवटपर्यंत टिकते. गनिमीत प्रत्येक गडी जिवापाड जपावा लागतो. अमरमध्ये कोणासही बाहेर बसून राहावे लागत नाही. यादीचा नियम हाच येथे खेळाचा आत्मा आहे.

हे ज्यास ठाऊक नाही असा कोणी कुशल मनुष्य दूर कोठेतरी बसून कबड्डीचा संगणकीय खेळ रचू लागला, तर काय होईल? तो बाद गडी एका सरसकट यादीत टाकील, आणि गडी जिवंत करावयाच्या वेळी यादीच्या शेवटून एक उचलील; कारण तसे करणे सोपे असते. परिणामी जो नुकताच बाद झाला तोच प्रथम उठेल, आणि जो आरंभी बाद झाला तो बिचारा अखेरपर्यंत बाहेर बसेल. संगणक यावर कोणतीही तक्रार करणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने सारे ठीक आहे. तक्रार करील तो रामाकोन्यातील पाचवीतला मुलगा, ज्याने कबड्डी मैदानावर खेळली आहे. चळत व रांग यांतील हा भेद ग्रंथांत पुष्कळ पाने घेतो. आमच्या मुलांस तो गुडघे फोडून घेऊन समजलेला असतो.

येथवर यादीच्या नियमांचे महत्त्व सांगितले. आता हे नियम भाषेत कसे उतरतात ते पाहण्यासाठी एका विशिष्ट साधनाचा परिचय करून देणे इष्ट होईल. अर्जेंटिना देशातील हुआन लिनिएत्स्की व आरिएल मान्सूर या दोघांनी खेळ रचण्याचे एक साधन तयार केले आणि २०१४ साली ते सर्वांसाठी खुले केले. त्याचे नाव ‘गोदो’. सॅम्युएल बेकेट यांच्या ज्या नाटकात दोन माणसे न येणाऱ्या गोदोची वाट पाहत राहतात, त्या नाटकावरून हे नाव घेतलेले आहे. हे साधन विनामूल्य आहे, त्याची अंतर्गत रचना कोणासही पाहता व बदलता येते, आणि त्याची स्वतःची भाषा आहे; तिला जीडीस्क्रिप्ट म्हणतात. अँड्रॉइडच्या उपकरणांवर चालणारी त्याची आवृत्तीही निघालेली आहे, ही गोष्ट ग्रामीण विद्यार्थ्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची होय.

जीडीस्क्रिप्टमध्ये यादीस ‘ॲरे’ म्हणतात. साधी ॲरे ही धर्मशाळेसारखी असते. तीत आकडा येवो, शब्द येवो, गडी येवो वा चेंडू येवो, कोणास मज्जाव नाही. १ मार्च २०२३ रोजी गोदोची ४.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली, आणि तीत प्रकारबद्ध ॲरेची सोय आली. ॲरे या शब्दापुढे चौकोनी कंसात प्रकाराचे नाव लिहिले की त्या यादीत त्याच प्रकारचे घटक येऊ शकतात. कंसात पूर्णांक लिहिला की शब्दास प्रवेश नाही. ‘गडी’ हा आपण निर्माण केलेला वर्ग लिहिला की चेंडूस प्रवेश नाही. विजातीय घटक घुसविण्याचा प्रयत्न केला, तर जेथे शक्य असेल तेथे लिहितानाच चूक दाखविली जाते. आणि वस्तूचा प्रकार खेळ चालू झाल्यावरच कळणार असेल, तर त्या क्षणी अडविले जाते. रुळांच्या मापाचे तत्त्व येथे अक्षरशः लागू पडते. मार्च २०२५ मधील ४.४ या आवृत्तीत हीच सोय कोशासारख्या, म्हणजे नावाशी अर्थाची जोडी ठेवणाऱ्या याद्यांसही मिळाली.

परंतु भाषेने दिलेली ही सोय पुरेशी नाही, आणि ती का पुरेशी नाही हे खो-खोच्या उदाहरणाने चांगले ध्यानात येते. पारंपरिक खो-खोत पळणाऱ्या बाजूचे नऊ गडी तीन-तीनांच्या तुकड्यांनी मैदानात उतरतात. त्यांचा क्रम पाळी सुरू होण्यापूर्वी गुणलेखकाकडे नोंदवावा लागतो. पहिल्या तुकडीतील तिसरा गडी बाद झाला की दोन खो दिले जाण्याच्या आत पुढील तुकडीने मैदानात यावयाचे. जो येणार नाही तो बाद. म्हणजे येथे यादीच्या पोटात यादी आहे. नऊ जणांची सरळ ओळ केली तर तुकडीचा अर्थ नाहीसा होतो. आणि बाहेरची यादी तुकड्यांची व आतील यादी गड्यांची असावी असे म्हटले, तर गोदोच्या ४.० आवृत्तीत प्रकारबद्ध यादीच्या कंसात दुसरी प्रकारबद्ध यादी लिहिता येत नव्हती. नवशिका येथे गोंधळतो व भाषेस दोष देतो.

आमच्या मते हा अडथळा शिकणाऱ्याच्या हिताचाच आहे. कारण यातून निघण्याचा मार्ग असा की, त्याने ‘तुकडी’ नावाचा स्वतःचा वर्ग निर्माण करावा, त्या वर्गाच्या आत गड्यांची यादी ठेवावी, आणि बाहेर तुकड्यांची यादी करावी. असे केले की तुकडीस स्वतःचे आचरणही देता येते. तीन गडी झाले की चौथ्यास नकार देणे, एकच गडी दोनदा आल्यास हरकत घेणे, तिघेही बाद झाले की तसे कळविणे, ही सारी कामे तुकडीवर सोपविता येतात. पाळी सुरू होण्यापूर्वी नोंदविलेला क्रम नंतर कोणी बदलू नये, यासाठी यादी केवळ वाचण्यापुरती करून टाकण्याची आज्ञाही गोदोत आहे. गुणलेखकाने कागद घेऊन आपल्या हातात ठेवावा, तसाच तो प्रकार. अशा रीतीने भाषेने दिलेली सामान्य यादी आपल्या खेळाच्या विशिष्ट यादीत रूपांतरित होते. यादी आपल्या मनाजोगी करणे म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस सुचत नाही.

शिवाय भाषेचा प्रकार हा राखणदार आहे, पंच नव्हे, हेही विसरून चालणार नाही. बनियनवरील क्रमांकांची यादी पूर्णांकांची केली, तर तीत उणे पाच हा क्रमांकही सुखाने जाऊन बसेल. कारण उणे पाच हाही पूर्णांकच आहे. मापास डबा जुळला म्हणून तो योग्य गाडीचा आहे असे ठरत नाही. तो विवेक खेळ रचणाऱ्याने स्वतः आपल्या वर्गात घालावा लागतो, आणि तो घालण्यासाठी खेळ आतून ठाऊक असावा लागतो.

यादी वापरण्यातही काही खाचा आहेत, त्या थोडक्यात सांगतो. एक, गोदोच्या यादीत मोजणी शून्यापासून होते. पहिला गडी हा शून्य क्रमांकाचा. ब्राझीलमध्ये १९९३ साली जन्मलेल्या लुआ या भाषेत, जी खेळांसाठी फार वापरली जाते, मोजणी रीतसर एकापासून होते. तेव्हा एकीची सवय दुसरीत नेऊ नये. दोन, यादीस दुसरे नाव दिल्याने दुसरी यादी होत नाही. एकाच हजेरीपटास दोन वर्गनायकांनी दोन नावे दिली, तरी एकाने खोडलेले नाव दुसऱ्यालाही खोडलेलेच दिसणार. प्रत हवी असेल तर ती स्पष्टपणे करून घ्यावी लागते. तीन, यादी वाचीत असता तीतील नावे काढू नयेत. हजेरी घेता घेता गुरुजी तिसरे नाव काढून टाकतील व खालची सारी नावे एकेक ओळ वर सरकतील, तर चौथा विद्यार्थी तिसऱ्या ओळीवर येईल, गुरुजींचे बोट चौथ्या ओळीवर जाईल, आणि त्या मुलाचे नाव पुकारलेच जाणार नाही. चार, मोठ्या यादीच्या अग्रभागातून घटक काढणे सावकाशीचे असते, कारण मागील प्रत्येकास एकेक जागा पुढे सरकावे लागते. तिकिटाच्या खिडकीपुढील रांगेचा हाच अनुभव आहे. कबड्डीच्या सात गड्यांत या विलंबाची क्षिती नाही. सहस्रावधी घटक असतील तेथे मात्र रांगेची निराळी रचना करावी.

आमच्या मतावर काही आक्षेप येतील, त्यांचा विचार करणे न्याय्य होईल. पहिला आक्षेप असा की, शिकणाऱ्यावर आरंभीच प्रकारांचे बंधन लादू नये; सरसकट यादीत काहीही टाकण्याची मोकळीक असली म्हणजे मुले निर्भयपणे प्रयोग करतात, आणि बंधनांनी त्यांचा उत्साह मावळतो. या म्हणण्यात तथ्य आहे, हे आम्ही मान्य करतो. दोन तासांत एखादी कल्पना पाहावयाची असेल तर सरसकट यादीच बरी. गोदोही प्रकार लिहिण्याची सक्ती करीत नाही, हे योग्यच आहे. परंतु ज्या खेळावर महिनोन्महिने काम चालेल, ज्यात दोन-तीन मित्रांचे हात लागतील, तेथे सरसकट यादी म्हणजे पाटी न लावलेल्या डब्यांचे स्वयंपाकघर. ज्याने डबे भरले त्यास सारे सापडते. दुसऱ्याने मात्र साखरेऐवजी मीठ घालावे. प्रकार लिहून ठेवणे हे आपल्या सहकाऱ्यास व सहा महिन्यांनंतरच्या आपणांसच लिहिलेले पत्र आहे. आणि ज्यास बंधन म्हणतात ते येथे कोणी बाहेरून लादलेले नसते. कबड्डी खेळणाऱ्यास मधली रेषा बंधन वाटत नाही. ती नसेल तर चढाईस अर्थच उरत नाही.

दुसरा आक्षेप वडील मंडळींचा. खेळ रचणे हा रिकामटेकडा उद्योग असून त्याऐवजी विद्यार्थ्यांनी गणित व विज्ञान यांकडे लक्ष द्यावे, असे ते म्हणतील. त्यांस आमचे सविनय निवेदन असे की, यादीस प्रवेशाचा, क्रमाचा व निर्गमाचा नियम लावणे हे गणितच आहे. संत्र्यांच्या हंगामात आपल्याकडील बागाइतदार फळे आकारानुसार वेगळी करतात, कोणत्या पेटीत कोणते फळ जावे हे ठरवितात, डागी फळ बाजूस काढतात. त्यांचे ते काम आणि वर सांगितलेले काम यांत बुद्धीच्या दृष्टीने अंतर नाही. आमच्या पिढीस ते काम संगणकास समजावून सांगता आले, तर बागेचा हिशेबही उद्या तीच मुले ठेवतील.

तिसरा आक्षेप भाषेचा. संगणकाच्या आज्ञा इंग्रजीत. मराठी माध्यमाच्या मुलाने तेथे काय करावे? आज्ञाशब्द इंग्रजी आहेत हे खरे. परंतु ते मोजके आहेत व थोड्या सरावाने पाठ होतात. आपण निर्माण केलेल्या याद्यांस व वर्गांस नावे देणे मात्र आपल्या हाती आहे, आणि गोदोच्या ४.० आवृत्तीपासून ही नावे देवनागरीतही लिहिता येतात. ‘तुकडी’, ‘बाद_गडी’, ‘चढाई’ अशी नावे ज्या आज्ञावलीत असतील, ती वाचताना मुलास खेळ दिसेल. परकी नावे असतील तर प्रथम शब्द उलगडावे लागतील व मग खेळ. जगभरच्या लोकांबरोबर काम करावयाची वेळ येईल तेव्हा इंग्रजी नावे अवश्य वापरावीत. शिकताना मात्र विचार ज्या भाषेत चालतो त्याच भाषेत नावे असणे हितकर होय.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून आमचे म्हणणे पूर्ण होणार नाही. यादीचा प्रकार कोणी ठरवावा हा प्रश्न खेळापुरता नाही. आपण महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहणारे मराठी लोक आहोत. आपली कागदपत्रे बहुधा हिंदीत होतात, आणि हिंदीच्या नित्य लेखनात ‘ळ’ हे अक्षर नाही. परिणामी घरी जे काळे ते कागदावर काले होतात, आणि पुढे दोन कागदांवरील दोन नावे एकाच मनुष्याची आहेत हे सिद्ध करण्यासाठी त्यास खेटे घालावे लागतात. कोणी दुष्टपणे हे केले असे आम्ही म्हणत नाही. यादी करणाऱ्यास ते अक्षर ठाऊक नव्हते किंवा त्याचे महत्त्व वाटले नाही, एवढेच. तसेच पाहा, २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि आपला सौंसर तालुका छिंदवाड्यातून त्यात आला. जिल्ह्यांची जी यादी त्यापूर्वी करून बंद केलेली असेल व पुन्हा कोणी उघडली नसेल, तीत आपला जिल्हा शोधूनही सापडणार नाही. भरणाऱ्याने मग जुन्याच जिल्ह्याचे नाव निवडावे. यादी बंद असावी की वाढती, तीत कोणती अक्षरे चालावीत, हे निर्णय वरकरणी यांत्रिक दिसतात. पण ते घेणाऱ्यास आपला गाव, आपले अक्षर व आपला खेळ ठाऊक नसेल, तर त्याचा भार शेवटी आपणांवर पडतो.

म्हणूनच आमचे विद्यार्थी केवळ दुसऱ्यांनी केलेल्या याद्यांत नावे भरणारे न राहता याद्यांचे नियम करणारे व्हावेत, असे आम्हांस कळकळीने वाटते. खेळ हे त्यासाठी उत्तम क्षेत्र आहे. तेथे चूक झाली तर कोणाचे शुल्क बुडत नाही की कोणाचा प्रवेश अडत नाही. एक गडी चुकीचा जिवंत होतो, मुले हसतात, आणि नियम दुरुस्त होतो.

यासाठी फार मोठ्या सामग्रीची आवश्यकता आहे असेही नाही. प्रारंभ कागदावर व्हावा. क्रीडाशिक्षकांनी मुलांस संजीवनी, गनिमी व अमर हे तिन्ही प्रकार एकेक दिवस मैदानावर खेळवावेत. गणिताच्या शिक्षकांनी दुसऱ्या दिवशी विचारावे की, बाद गड्यांची यादी तिन्ही वेळा कशी बदलली, तीत कोण कोणत्या टोकाने आला व गेला. आणि मुलांनी ते वहीत लिहावे. नंतर खो-खोच्या तुकड्यांचा नियम लिहावा, व तो मोडण्याच्या जितक्या युक्त्या सुचतील तितक्या सुचवून पाहाव्यात. कारण नियम पक्का झाला की नाही हे मोडून पाहिल्यावाचून कळत नाही. हे झाल्यावर, एका उपकरणाभोवती चार जण बसले तरी चालेल, परंतु यादीचा प्रकार चौघांनी चर्चा करून ठरवावा आणि मगच आज्ञावलीस हात घालावा. ज्यांच्या घरी उपकरण नाही त्यांनीही या चर्चेत बरोबरीने भाग घ्यावा. नियम करण्याचे काम डोक्याने होते, आणि मैदानावर ज्याने अधिक धूळ खाल्ली त्याचे मत तेथे अधिक मोलाचे ठरण्याचा संभव आहे.

आपल्या मातीतील खेळांचे संगणकीय रूप कोणी ना कोणी करणारच आहे. ते रामाकोन्याच्या, सौंसरच्या व पांढुर्ण्याच्या मुलामुलींनी करावे, आणि त्यांनी केलेल्या कबड्डीत जो प्रथम बाद झाला तोच प्रथम जिवंत व्हावा, अशी आमची इच्छा आहे. गुरुजनांनी या सूचनेचा विचार करावा आणि विद्यार्थिमित्रांनी वह्या उघडाव्यात, अशी विनंती करून आम्ही आमचे निवेदन पुरे करतो.